समजलं नाही, पण ऐकलं

पाहुणा गणिती लांबूनही ओळखू येतो. बंगळुरात पाहुण्यांना तोटा नाही. पण कंपन्यांकडे आलेल्या पाहुण्यांच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला ओळखपत्र असतं, गणिती पाहुण्याच्या गळ्यात काहीच नसतं. खांद्याला पिशवी, पायात सँडल, बाहीवर पांढरा डाग. फारच मोठा माणूस असेल तर खिशात स्वतःचे खडू. खडूंच्या बाबतीत ही मंडळी भारी चोखंदळ. जपानच्या हागोरोमो कंपनीने २०१५ साली कारखाना बंद केला, तेव्हा ठिकठिकाणच्या गणितज्ञांनी त्या खडूंचे खोके विकत घेऊन कपाटात दडवून ठेवले होते. पुढे एका कोरियन माणसाने ती यंत्रं आपल्या देशी नेली, खडू पुन्हा मिळू लागले आणि शुद्ध गणिताचा जीव भांड्यात पडला.

मी गणिती नाही. बँकेत होतो. म्हणजे आकड्यांशी संबंध आला, पण तो संध्याकाळी ते जुळेपर्यंतच. निवृत्त झाल्यावर मुलीच्या मागोमाग आम्ही बंगळुरात आलो आणि मल्लेश्वरमला राहू लागलो. तिथून भारतीय विज्ञान संस्था पायी जाण्यासारखी. आवारात झाडं मोठी आणि रहदारी कमी, म्हणून चालायला जायचो. तिथे व्याख्यानांच्या सूचना वाचायची सवय लागली. सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरात दोन गोष्टी असतात : प्रवेश सर्वांना खुला, आणि व्याख्यानाआधी चहा. निवृत्त माणसाला यानंतर विषय वाचायची गरज उरत नाही.

तरी मी वाचतो, आणि संख्यांच्या सिद्धान्तावर कुणी पाहुणा बोलणार असेल तर सहसा चुकवत नाही. भूमितीवाल्यांच्या सूचनेतला एकही शब्द मला ओळखीचा वाटत नाही. इथे निदान 'संख्या' तरी ओळखीची असते. एक, दोन, तीन ही मंडळी लहानपणापासूनची. त्यांच्याविषयी कुणी परगावाहून येऊन बोलणार म्हटल्यावर शेजारधर्म म्हणून तरी जावं.

आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर मात्र हे ऐकून फार उत्सुक झाले. "संख्यांवर? मग त्यांना विचाराल का, माझ्या धाकट्याच्या नावात एक 'ए' वाढवला तर चालेल का?" मी म्हटलं, ते त्यातले नव्हेत. "मग संख्यांचं करतात तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, आणि खुद्द पाहुण्यांना विचारलं तर ते दोन तास देतात.

व्याख्यानाची एक ठरलेली बांधणी असते, आणि ती आपल्या कीर्तनाच्या नेमकी उलटी आहे. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, जीव-ब्रह्म-माया सगळं सोडवून घेतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. ज्यांना निरूपण झेपत नाही ते आख्यानाला येऊन बसतात. गणिती बुवांचं आख्यान आधी असतं. पहिली पंधरा मिनिटं रसाळ गोष्टी, मग निरूपण, आणि एकदा निरूपण सुरू झालं की ते प्रसादापर्यंत संपत नाही. प्रसाद आधीच चहाच्या रूपाने वाटून झालेला असतो, त्यामुळे मधूनच उठून जायलाही सोय नाही.

पण ती पंधरा मिनिटं! मूळ संख्यांची गोष्ट घ्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा... ज्यांना एक आणि त्या स्वतः यांच्याखेरीज कुणाचाही भाग जात नाही अशा या संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, पण संपत नाहीत, हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. त्यात काही जुळी भावंडं असतात : ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१. अशा जोड्याही अनंत आहेत का? कुणालाच माहीत नाही. २०१३ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या यितांग झांग नावाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि तोवर फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गृहस्थाने सिद्ध केलं, की ज्यांच्यातलं अंतर सात कोटींच्या आत आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. हे गृहस्थ नोकरी मिळेना तेव्हा सँडविचच्या दुकानात हिशेब बघत असत. दोनाच्या जागी सात कोटी म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटेल. पण त्याआधी कुठलाच आकडा नव्हता. आकडा मिळाल्याबरोबर बाकीचे तुटून पडले. जेम्स मेनार्डने तो त्याच वर्षी ६०० वर आणला आणि नंतर अनेकांनी मिळून २४६ वर. मल्लेश्वरममध्ये सात कोटींना काय काय येतं याची सभागृहातल्या बहुतेक वयस्करांना चांगली कल्पना होती. सात कोटींवरून २४६ वर उतरलेलं काही या गावात आम्ही प्रथमच ऐकत होतो.

किंवा भास्कराचार्यांची गोष्ट. पाहुणा परदेशी असला की ती हटकून येते. एखादी वर्गसंख्या ६१ पटीने घेऊन तीत एक मिळवला, तर पुन्हा वर्गसंख्याच मिळाली पाहिजे. अशा पूर्ण संख्या शोधा. फ्रान्सच्या फर्मा याने १६५७ साली इतर गणितींना हे कोडं घातलं होतं. उत्तर ११५० च्या सुमाराच्या 'बीजगणिता'त आधीच दिलेलं होतं. सगळ्यांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ असं आहे. पाहुण्याने हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, मागे सरकला आणि आमच्याकडे कौतुकाने बघू लागला. सबंध सभागृह असं काही विनयाने बसलं होतं, की जणू काल रात्री हे आम्हीच सोडवून ठेवलं होतं. मला तर दुहेरी अभिमान, कारण या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला. देणगीचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथे आहे आणि त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या व्याख्यानांना पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आठशे वर्षांचा जुना आहे एवढं त्यावरून कळतं.

मग निरूपण लागतं. ते केव्हा लागलं हे कळत नाही. फळ्यावरचे आकडे नाहीसे झालेले असतात आणि त्यांच्या जागी जर्मन, ग्रीक, रोमन अशी अक्षरं आलेली असतात, एवढंच दिसतं. संख्यांच्या व्याख्यानात संख्या शेवटी उरतच नाही. एकदा अशाच घनदाट निरूपणात मी मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो होतो, आणि पाहुण्याच्या तोंडून अचानक 'खरे' ऐकू आलं. ताठ बसलो. फ्रान्सच्या जाँ-पिएर सेर यांनी मांडलेलं आणि वर्षानुवर्षं न सुटलेलं एक अनुमान होतं. ते मुंबईचे चंद्रशेखर खरे आणि फ्रान्सचे विंटेनबर्जे यांनी मिळून सिद्ध केलं. त्यांचे लेख २००९ साली छापले गेले आणि आता त्याला खरे–विंटेनबर्जे प्रमेयच म्हणतात. पाहुणा उच्चार 'कारे' असा करत होता, तरी माणूस ओळखू आला. प्रमेय काय होतं ते मात्र विचारू नका. त्या दिवशी मला त्या तासातला एकच शब्द समजला आणि तो आडनाव होता.

असे न समजणारे तिथे आम्ही पुष्कळ असतो. पहिली रांग रिकामी, दुसरीत जाणकार, मध्ये विद्यार्थी आणि शेवटच्या दोन रांगांत आम्ही : कुणी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, ज्या सगळं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतात, कुणी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सोडून आलेला मुलगा, आणि माझ्यासारखे. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, कळत नाही तर जाता कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मला याच गावातलं एक जुनं टेबल सापडलं.

हे टेबल बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातलं. तिथे एम. टी. नारायण अय्यंगार गणिताचे प्राध्यापक होते. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरने देशभरच्या गणितवेड्यांना एकत्र आणून एक मंडळ काढलं, त्यालाच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणू लागले. तिचं ग्रंथालय पुण्यात, रँग्लर परांजप्यांच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि तिच्या नियतकालिकाचं संपादन अय्यंगारांकडे, बंगळुरात. १९११ साली त्यांच्याकडे मद्रासहून एका बेकार तरुणाचं बाड आलं. विषय बर्नुली संख्या. पदवी नाही, नोकरी नाही, आणि लेखन असं की एका पायरीवरून उडी मारली ती थेट गच्चीवर. लेखाने बंगळूर–मद्रास अशा येरझाऱ्या घातल्या. अय्यंगारांनी खुणा करून पाठवायचं, तरुणाने सुधारून पाठवायचं, आणि सुधारल्यावरही मूळच्याइतकंच न कळणारं व्हायचं. ही लिहिण्याची तऱ्हा इतकी त्रोटक आणि इतकी नवी आहे की साध्या वाचकाला तिच्यामागून जाणं कठीण, अशा अर्थाचं अय्यंगारांचं म्हणणं नोंदलेलं आहे. पण त्यांनी बाड परत करून टाकलं नाही. छापलं. रामानुजनांचा तो पहिला छापील लेख.

त्याच वर्षी रामानुजनांनी त्याच नियतकालिकात वाचकांना एक कोडं घातलं. एकात दोन पट काहीतरी मिळवून वर्गमूळ घ्या. ते काहीतरी म्हणजे एकात तीन पट काहीतरी मिळवून घेतलेलं वर्गमूळ. त्याच्या आत चार पट, त्याच्या आत पाच पट, असं न संपणारं. याची किंमत किती? सहा महिने गेले, कुणाचंही उत्तर आलं नाही. उत्तर आहे ३. तीन म्हणजे नऊचं वर्गमूळ. नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार. चार म्हणजे सोळाचं वर्गमूळ. सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच. पाच म्हणजे पंचवीसाचं वर्गमूळ. पंचवीस म्हणजे एक अधिक चार गुणिले सहा. असं आत आत जात राहायचं. जाणकार यावर अजून काही कडक अटी तपासून घेतात, पण माझ्यासारख्याला हे रात्री झोप येईपर्यंत पुरतं. त्या सहा महिन्यांत अय्यंगार काय करत असतील याची मला नेहमी उत्सुकता वाटते. रोज टपाल बघायचं, आणि उत्तर नाही. तरी पुढचा अंक काढायचा आणि त्यात या मुलाला पुन्हा जागा ठेवायची.

केंब्रिजच्या दोन थोर प्राध्यापकांनी, बेकर आणि हॉब्सन यांनी, याच मुलाला दाद दिली नव्हती. त्यांना गणित अय्यंगारांपेक्षा कितीतरी जास्त येत होतं. केंब्रिजच्याच गणिती हार्डींना दाद द्यायची बुद्धी झाली, कारण हार्डींना ते कळलं. त्यात हार्डींचा मोठेपणा आहेच. पण न कळूनही दाद देणारा माणूस मला जास्त अवघड वाटतो. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव तसलेच. रामानुजन त्यांना वही दाखवायला गेले, रावांना काही बोध झाला नाही, पण हा माणूस थापा मारत नाही एवढं कळलं आणि त्यांनी महिना पंचवीस रुपये सुरू केले. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही इतकीसुद्धा समज दाखवत नसू.

पाहुण्याच्या व्याख्यानात खरं काम कुठे होतं याचा दाखलाही याच गोष्टीत आहे. १९१४ च्या सुरुवातीला केंब्रिजचा एरिक नेव्हिल हा तरुण गणिती मद्रास विद्यापीठात व्याख्यानं द्यायला आला. विषय डिफरेन्शियल जॉमेट्री. ती व्याख्यानं कशी झाली, कुणाला आवडली, कुणी जांभया दिल्या, याची आज कुणालाही फिकीर नाही. हार्डींनी त्याला सांगून पाठवलं होतं की त्या मुलाला घेऊन ये. व्याख्यानांच्या निमित्ताने दोघे भेटू लागले आणि तिसऱ्या भेटीत रामानुजनांनी आपली वही त्याच्या हातात ठेवली : घेऊन जा, सवडीने बघ. १७ मार्चला रामानुजनांना घेऊन बोट निघाली. विद्यापीठाने पाहुणा बोलावला होता भूमिती शिकवायला. तो पोटभर ऐकून परत गेला.

त्यामुळे आता मी पाहुण्याइतकंच त्याच्या श्रोत्यांकडेही लक्ष देतो. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली ती १९४५ साली याच विज्ञान संस्थेच्या आवारात. वर्ष संपण्याआधी तिने मुंबईला बिऱ्हाड हलवलं. तिथे पुढे जगातले नामवंत गणिती येऊन महिनोन्‌महिने बोलत. राडेमाखर आले, सीगेल आले. आणि त्यांची भाषणं उतरवून घ्यायचं काम तिथल्या पोरांकडे असे. त्या टिपणांची पुस्तकं निघाली. पाहुण्याच्या नावाखाली 'टिपणं अमुक यांची' अशी ओळ असते. ती पुस्तकं जगभर वाचली जातात. ऐकणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर छापणारा दुसरा कुठला विषय मला माहीत नाही. १९५६ साली मुंबईला झीटा फलनांवर मोठी परिषद भरली, तिला नॉर्वेचे आटले सेलबर्ग आले होते. त्यांचा जो लेख पुढे फार गाजला, तो त्याच साली छापला गेला अय्यंगारांच्याच जुन्या नियतकालिकात. तो किती जणांना लगेच कळला असेल याविषयी मला शंका आहे. परंपरा चालू होती म्हणायची.

आमच्याकडचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मात्र या सगळ्याच्या बाहेर उभे. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठात त्यांना जागा नव्हती. ते स्वतःच परिषदांना जात. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत सांगितली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. सात फेऱ्यांच्या आत तुम्ही ६१७४ वर येता आणि मग तिथून हलता येत नाही. तज्ज्ञ नाक मुरडत. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ही गंमत आहे, आठाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या गावी ६१७४ ला कुणी विचारणार नाही. पण १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेत 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून संख्यांच्या एका कुळाला 'डेम्लो' हे नाव देणारा माणूस कुठल्या विद्यापीठात निपजला असता?

निरूपण फार दाट झालं की मी सूचनेच्या पाठकोऱ्या बाजूवर कापरेकर करत बसतो. विज्ञान संस्थेचं स्थापनावर्ष १९०९ : पहिल्या फेरीत ९७११, दुसऱ्या फेरीत ८५३२, तिसऱ्या फेरीत ६१७४. आजारी रामानुजनांना भेटायला हार्डी ज्या टॅक्सीने गेले तिचा नंबर १७२९, तो फार हट्टी. त्याला पुरत्या सात फेऱ्या लागतात. शिवाय १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ने त्याला नेमका ९१ वेळा भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. रामानुजन आणि कापरेकर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्यांच्या संख्यांची सोयरीक आहे.

गेल्या व्याख्यानाला शेजारच्या इंजिनिअरांना घेऊन गेलो. चहा चांगला असतो, असं सांगितलं होतं. चहाच्या वेळी मी त्यांना कागदाच्या रुमालावर ६१७४ ची रीत दाखवली. त्यांना ती फारच आवडली. पाहुणाही कप घेऊन बाजूला येऊन उभा राहिला.

"कुठलाही नंबर घेतला तरी येतं?" त्यांनी विचारलं.

"घेऊन बघा ना."

त्यांनी पेन काढलं आणि आपल्या नव्या गाडीचा नंबर लिहिला. तो त्यांनी जादा पैसे भरून, नशीब उघडावं म्हणून खास मागून घेतलेला : ९९९९. अंक उतरत्या क्रमाने लिहिले. चढत्या क्रमाने लिहिले. वजाबाकी केली. रुमालाकडे बघत राहिले.

पाहुण्याने चष्मा वर करून रुमाल वाचला आणि फार गंभीरपणे त्यांना सांगितलं, की या रीतीत ज्यांचा इतका झटपट निकाल लागतो अशा चार अंकी संख्या फक्त नऊच आहेत.

"नऊच?" शेजारी खुलले. रुमालाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "मग भरलेल्या पैशांचं चीज झालं म्हणायचं."